विद्यापीठ वाढतं म्हणजे नक्की काय वाढतं? आणि त्यात कुलगुरूंचा वाटा किती?

बाकावरचा

आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत नवे कुलगुरू आले की पहिल्या पंधरवड्यात मुलाखती छापून येतात. जागतिक दर्जा, उद्योगांशी सामंजस्य करार, नवोपक्रम केंद्र, कागदविरहित कारभार. पाच वर्षांनी दुसरे येतात आणि तेच बोलतात. नावं झाकून कात्रणं शेजारी ठेवली तर कोण कुठल्या विद्यापीठाचे हे ओळखायची सोय नाही.

दुसरीकडे कोल्हापूर बघा. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, मूळचे इतिहासाचे अभ्यासक. गावाबाहेरचा साडेआठशे एकरांचा उघडा माळ मिळाला होता. त्यावर झाडं लावणं, पाणी अडवणं, विभाग उभे करणं हे सगळं त्यांच्या काळात झालं. साधारण एक तप ते त्या खुर्चीत होते. आजही आवारात शिरल्यावर त्यांचं नाव निघतं.

आता कायद्याने कुलगुरूंना पाच वर्षं मिळतात किंवा पासष्टीपर्यंतचा काळ, जे आधी संपेल ते. त्याच विद्यापीठात दुसऱ्यांदा नेमणूक नाही. पहिलं वर्ष समजून घेण्यात आणि शेवटचं निरोपसमारंभात गेलं, तर हाती उरतात तीन वर्षं. एवढ्यात एखादी व्यक्ती विद्यापीठ वाढवू शकते का? की आपण उगाच एका खुर्चीकडे डोळे लावून बसतो? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

चहाटळ

कात्रणांच्या यादीत 'विद्यार्थी हाच केंद्रबिंदू' राहिलं. विद्यार्थी कायम केंद्रबिंदूवर असतो, कारण खिडक्या सगळ्या परिघावर असतात आणि प्रत्येक खिडकीवर जेवणाची सुट्टी असते.

तासिकावाला

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही, आमची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. आमच्या विभागात मंजूर पदांच्या निम्म्याहून कमी प्राध्यापक आहेत. बाकीचा विभाग आम्ही चालवतो, म्हणजे ज्यांना पीएचडीचे विद्यार्थी घेता येत नाहीत, प्रकल्पासाठी अर्ज करता येत नाही आणि उन्हाळ्यात पगारही नसतो असे लोक.

नवे कुलगुरू आले तेव्हा भेटायला गेलो होतो. माणूस चांगला आहे, नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, पदभरतीला वित्त विभागाची मान्यता लागते, ती आल्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत. ते खोटं बोलत नव्हते. मग नेतृत्व म्हणजे काय, तर हात बांधलेल्या माणसाने इतरांना पोहायला सांगायचं. माझ्या मते धाग्याचा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलाय. तो मंत्रालयात विचारा.

गोदाकाठ

तासिकावाला, तुमचं दुखणं खरं आहे, पण 'सगळं मंत्रालयात' हे पटत नाही. प्रा. राम ताकवले आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू तेच. आधीच्या खुर्चीत त्यांनी पाहिलं होतं की बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना विद्यापीठ फक्त हॉल तिकीट देतं, शिकवत कुणीच नाही. ज्याला नोकरी, शेती, लेकरंबाळं सांभाळून शिकायचंय त्याच्यासाठी वेगळी पुस्तकं, वेगळी अभ्यासकेंद्रं लागतात, हे तेव्हा सरकारदरबारी समजावणं सोपं नव्हतं. पुढे ते दिल्लीला इग्नूचे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. माझी आत्या चाळिशीत त्या नाशिकच्या विद्यापीठाची पदवीधर झाली. माणसाने फरक पडतो.

दगडी_चाळ

आप्पासाहेब आणि ताकवले, दोन्ही उदाहरणं पहिल्या कुलगुरूंची आहेत हे कुणाच्या लक्षात आलं का? पहिल्याला मोकळा माळ मिळतो. त्याच्याआधी कुणी कोर्टात गेलेलं नसतं, कुणाची सेवाज्येष्ठता अडकलेली नसते, 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणणारा कक्ष अधिकारी नसतो. सातव्या-आठव्या कुलगुरूने काय करून दाखवलं ते सांगा, मग बोलू.

जुनी_फाईल

निवृत्त आहे. एका विद्यापीठाच्या प्रशासनात उमेदीची सगळी वर्षं गेली, कुलसचिव कार्यालय आणि परीक्षा विभाग दोन्हीकडे. दगडी_चाळ यांचा मुद्दा बरोबर आहे. थोडं सविस्तर लिहितो.

कुलगुरूंचा दिवस कसा जातो याची लोकांना कल्पना नसते. सकाळी आलं की न्यायालयीन प्रकरणांच्या फाईली. मग कुठल्यातरी केंद्रावर प्रश्नपत्रिका उशिरा पोहोचल्याचा फोन. मग शिष्टमंडळ, मग दुसरं शिष्टमंडळ जे पहिल्याच्या विरोधात असतं. दुपारी संलग्नतेचे, म्हणजे महाविद्यालयं विद्यापीठाला जोडून घेण्याचे विषय. व्यवस्थापन परिषद असेल तर तो दिवस गेलाच. संशोधन, अभ्यासक्रम या गोष्टी संध्याकाळी सहानंतर, माणसात जीव उरला तर.

हे असं का, याचं उत्तर पैशात आहे. मंजूर पदांचे पगार शासन देतं. बाकीचा गाडा विद्यापीठाला मोठ्या प्रमाणात स्वतःच्या उत्पन्नावर ओढायचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा परीक्षा शुल्क नि संलग्नता शुल्काचा. म्हणजे महाविद्यालयं वाढली, परीक्षार्थी वाढले की उत्पन्न वाढतं. 'विद्यापीठाची वाढ' म्हणून वार्षिक अहवालात जे छापतात ते बरंचसं हेच. नवी महाविद्यालयं कुठे काढायची याच्या बृहत् आराखड्यात नवी ठिकाणं घालायची, शासन प्राथमिक परवानगीची इरादापत्रं देणार, महाविद्यालयं निघणार, आणि त्यांच्या परीक्षा घेता घेता विद्यापीठाचे स्वतःचे विभाग बाजूला पडणार. एखादं चांगलं महाविद्यालय स्वायत्त झालं, म्हणजे आपल्या परीक्षा आपणच घ्यायला लागलं, तर शैक्षणिकदृष्ट्या आनंद व्हायला हवा, पण लेखा विभागात तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत.

याला कुणी एक कुलगुरू दोषी नाहीत. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही १८५७ ची विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारी मंडळं म्हणूनच जन्मली. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त तपासायचं. तो जन्माचा स्वभाव अजून गेलेला नाही.

कळफलक

काका, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून सिनेट हॉलमध्ये लावा.

चहाटळ

लावायला निविदा काढावी लागेल.

हुगळी_ते_मुळा

जुनी_फाईल यांनी कलकत्त्याचं नाव काढलंच आहे तर सर आशुतोष मुखर्जी आठवले. दगडी_चाळ, तुम्ही सातवा-आठवा मागत होता ना? मुखर्जी १९०६ ला कुलगुरू झाले तेव्हा कलकत्ता विद्यापीठ पन्नाशीला आलं होतं. १९१४ पर्यंत ते होते, नंतर १९२१ ते २३ पुन्हा. आणि हे सगळं उच्च न्यायालयात न्यायाधीश असताना!

परीक्षा घेणाऱ्या त्या मंडळाला त्यांनी पदव्युत्तर अध्यापनाचं विद्यापीठ केलं. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवायची मुभा दिली होती. बाकीच्यांनी तो कायदा सरकारी फास म्हणून पाहिला, यांनी त्यातली फट शोधली. तारकनाथ पालित, रासबिहारी घोष यांच्यासारख्या वकिलांकडून देणग्या मिळवून विज्ञान महाविद्यालय उभं केलं. वित्त खात्यात नोकरी करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना पालित प्राध्यापकपदावर आणण्यामागे तेच होते. रामन १९१७ मध्ये रुजू झाले, १९३० चं नोबेल तर सगळ्यांना माहीत आहे. राधाकृष्णन यांना म्हैसूरहून कलकत्त्याला आणणारेही मुखर्जीच.

तासिकावाला

आज रामन आले असते तर 'उमेदवार नेट-सेट पात्र नाही' असा शेरा मारून तासिकेवर घेतले असते. उन्हाळ्यात बिनपगारी.

दगडी_चाळ

मान्य, मुखर्जी भारी माणूस. पण त्यांची मुदत किती असायची ते सांगाल का?

हुगळी_ते_मुळा

दोन वर्षं! पहिल्या खेपेला अशा लागोपाठ चार मुदती मिळाल्या. म्हणजे धागाकर्त्यांनी पाच वर्षं अपुरी म्हटलंय, तिथे मुदतीची लांबी हा मुद्दा नसून पुन्हा नेमणूक होऊ शकते की नाही हा आहे. आपल्या कायद्याने ते दारच बंद केलंय.

गोदाकाठ

ते दार बंद केलंय ते बरंच आहे. पुन्हा नेमणूक शक्य असती तर चौथं आणि पाचवं वर्ष राजभवन आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं असतं. निदान आता शेवटच्या वर्षी माणूस कुणाचं देणं लागत नाही.

वैनगंगा

पुण्या-मुंबईची चर्चा झाली असेल तर थोडं इकडचं ऐका. विद्यापीठं वाढतात ती फुटूनसुद्धा वाढतात. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्यातून १९८३ ला अमरावती वेगळं झालं, २०११ ला आमचं गोंडवाना, गडचिरोलीला. पुण्यातूनही तेच झालं, आधी कोल्हापूर मग जळगाव. मराठवाड्यातून नांदेड. प्रत्येक वेळी मोठ्या शहरातले लोक म्हणतात, आणखी एक कुलगुरू, आणखी एक बंगला, आणखी एक लाल दिवा.

सिरोंच्याच्या पोरीला गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला नागपूरला जावं लागायचं. सिरोंच्याहून गडचिरोलीच किती लांब आहे ते नकाशात बघा, नागपूर त्याच्याही पुढे. एक मुक्काम, सोबत कुणीतरी पुरुष माणूस, दोघांची मजुरी बुडाली. वरतून खिडकीवर 'साहेब नाही, उद्या या'. कित्येक जणी दुरुस्ती न करताच सोडून द्यायच्या, मग पुढे नोकरीच्या वेळी कागद जुळत नसे. आमच्याकडे इमारती अपुऱ्या आहेत, माणसं अपुरी आहेत, क्रमवारीत आम्ही कुठेच नसू. तरी माझ्या हिशेबात ही वाढच आहे.

रात्रपाळी

वैनगंगाताई, +१. याचा विचारच केला नव्हता.

जुनी_फाईल

ताई, अगदी खरं. फक्त एक पुरवणी जोडतो. विद्यापीठ फुटलं की उरलेल्याचा भार कमी व्हायला हवा, पण होत नाही. दोन-चार वर्षांत नव्या महाविद्यालयांनी ती जागा भरून निघते. नव्या विद्यापीठाकडे मात्र अपुरी पदं घेऊन तोच परीक्षांचा गाडा जातो. वेगळं निघताना परीक्षेखेरीज दुसरं काही करायची संधी असते, ती फार थोड्या ठिकाणी घेतली गेली.

कळफलक

मुंबईकरांनी गप्प बसायचं ठरवलंय का? २०१७ कुणी काढलंच नाही अजून.

रात्रपाळी

काढा. मी त्या वर्षीचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती, आज ती बऱ्याच ठिकाणी चालते. पण एका शाखेवर आधी करून बघायचं सोडून एकाच उन्हाळ्यात सगळ्या शाखांवर. शिक्षकांना सराव नाही, यंत्रणा धापा टाकतेय, निकाल मे गेला जून गेला. राज्यपालांनी जुलैअखेरची मुदत घातली, तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं. परदेशी प्रवेश मिळालेल्या मित्रांनी तिकडच्या विद्यापीठांना विनवण्या करणारे मेल लिहिले होते. 'कुलगुरूने काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, वाढ होण्यात त्यांचा वाटा किती ते माहीत नाही, पण एका निर्णयाने अख्खं वर्ष बुडू शकतं.

दगडी_चाळ

आणि त्या निर्णयाला विद्या परिषदेत, व्यवस्थापन परिषदेत कुणी 'थांबा' म्हणालं नाही? परीक्षा संचालक काय करत होते? एकाला काढलं की बाकीचे सुटतात, ही पण सोयच आहे.

मिरजेचा

निवड कशी होते तेही बोला की. शोध समिती पाच नावं देते, कुलपती म्हणजे राज्यपाल त्यातलं एक निवडतात. २०२१ ला दुरुस्ती आणली, राज्य सरकारने दोन नावं सुचवायची आणि मंत्री प्र-कुलपती. सरकार बदललं, दुरुस्ती गुंडाळली. पुढे २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने मसुदा काढला, उद्योगातले, प्रशासनातले लोकपण कुलगुरू होऊ शकतील म्हणून. नेमायचं कुणी यावर एवढी मारामारी, नेमल्यावर करायचं काय यावर एक ओळ नाही.

संपादक

पक्षीय राजकारण या धाग्यावर आणू नये. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

चहाटळ

अधिसभेत म्हणजे सिनेटमध्येपण असा एक संपादक नेमा राव, बैठक वीस मिनिटांत उरकेल.

माळावरची

अवांतर लिहू का? आप्पासाहेबांचं नाव निघालं म्हणून राहवेना. मी कोल्हापूरच्या विद्यापीठात 'कमवा व शिका'तून एमए केलं. सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायची, मग तास, संध्याकाळी अभ्यास. घरून एक रुपया येत नव्हता, येणार पण नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडं जे रुजवलं तेच इथं विद्यापीठात आणलं म्हणायचं. आमच्या बॅचमधल्या किती तरी पोरी आज शिक्षिका आहेत, एक तहसीलदार आहे.

आता हे वाढीत धरायचं का? कुठल्या क्रमवारीत याला गुण नसतील. आणि एक, मला त्या वेळी कुलगुरू कोण होते ते आठवत नाही. ग्रंथालयातल्या बाई आठवतात. पुस्तक चुकीच्या फळीवर लावलं की काही न बोलता काढून हातात द्यायच्या.

बाकावरचा

माळावरची, अवांतर कसलं, माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. योजना कुणीतरी सुरू केली, पण ती टिकली कारण पुढच्या कुलगुरूंनी ती मोडली नाही. न मोडणं हेही नेतृत्वाच्या खात्यात धरायला हवं. आपल्याकडे नवा माणूस आला की आधीच्याच्या केंद्राला कुलूप लागतं आणि शेजारी दुसऱ्या नावाची पाटी.

कळफलक

दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी आमच्याकडे जिने रंगवले होते. समिती लिफ्टने गेली.

हुगळी_ते_मुळा

टिकण्यावरून आठवलं. धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ १९१६ ला काढलं. १९२० ला ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली, पण कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळाली १९५१ ला. मधली पस्तीस वर्षं सरकारी शिक्का नसलेल्या पदव्या देत संस्था चालली. कितीतरी माणसं गावोगाव वर्गणी मागत हिंडली असतील, त्यांची नावं कुणाला ठाऊक? एक माणूस सुरू करतो हे खरं, पण पस्तीस वर्षं रेटतात ते बाकीचे.

जुनी_फाईल

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बाकावरचा यांनी मुदतीबद्दल विचारलं होतं. मला कुलगुरूंच्या मुदतीपेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त खटकते.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने पूर्णवेळ अधिष्ठाते (डीन) आणले. चार विद्याशाखा, चार अधिष्ठाते. कल्पना उत्तम. कुलगुरू कोर्टकचेरी आणि परीक्षांत अडकले तरी अभ्यासक्रम, संशोधन बघायला दुसरी फळी हवी होतीच. पण त्या अधिष्ठात्यांची आणि प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधून टाकली. कुलगुरू गेले की सगळे एकदम मोकळे. मग प्रभारी कुलगुरू, प्रभारी प्र-कुलगुरू, प्रभारी अधिष्ठाते. कुलसचिव तर अनेक ठिकाणी आधीपासूनच प्रभारी.

२०२२-२३ आठवा. मुंबई आणि पुणे, राज्यातली दोन सर्वांत मोठी विद्यापीठं, दोन्हीकडे एकाच वेळी कित्येक महिने प्रभारी कारभार. मुंबईचा अतिरिक्त भार कोल्हापूरच्या कुलगुरूंकडे, पुण्याचा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे. नेमकं त्याच काळात नव्या शैक्षणिक धोरणाची तयारी करायची होती. प्रभारी माणूस सही करतो, पण नवीन काही अंगावर घेत नाही, आणि का घ्यावं त्याने? कुलगुरूंची निवृत्ती कधी हे पाच वर्षं आधी माहीत असतं. शोध समिती सहा महिने आधी बसवायला कुणी हात धरलाय?

माझ्या नोकरीत मी चांगले कुलगुरू पाहिले, सामान्यही पाहिले. विभाग ज्या वर्षांत पुढे गेले ती वर्षं चांगल्या कुलगुरूंचीच होती असं मात्र नाही. ज्या वर्षांत कुलसचिव, परीक्षा संचालक, वित्त अधिकारी तिघेही पूर्णवेळ आणि एकमेकांशी बोलणारे होते, ती वर्षं चांगली गेली.

दगडी_चाळ

हे पटलं. आणि यात वित्त विभागाची मान्यता वगैरे काही लागत नाही, फक्त तारखा पाळायच्या आहेत.

गोदाकाठ

पुण्याबद्दल एक चांगलं सांगतो, सगळं काळंच नको. विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात १९८८ ला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आली, नारळीकर सर संस्थापक संचालक. संगणक संशोधन करणारं सी-डॅकही त्याच आवारात वाढलं. ही काही विद्यापीठाची स्वतःची वाढ नव्हे, क्रमवारीत गुण मिळत नाहीत. पण आपली जमीन दुसऱ्या संस्थेला देऊन शेजार तयार करायचा, हा निर्णय तेव्हा कुणीतरी घेतला. पदार्थविज्ञानाच्या पोरांना त्याचा फायदा आजही मिळतो.

तासिकावाला

जमीन आहे तोवर ठीक. माणसं कधी देणार?

मिरजेचा

बरं, एवढे सगळे पदवीधर इथे जमलोय. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून जातात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल तिथे येतो, प्रश्न विचारता येतात. इथल्या किती जणांनी मतदार म्हणून नोंदणी केलीय?

कळफलक

...

रात्रपाळी

नोंदणीला पदवी प्रमाणपत्र लागतं ना? मी २०१७ चा. अजून आणायलाच गेलो नाही.

चहाटळ

जा, पण जेवणाच्या सुट्टीत नको.

वैनगंगा

मी केली आहे. मागच्या वेळी मतदानालापण गेले होते. आमच्या केंद्रावर दुपारपर्यंत मतदारांपेक्षा उमेदवारांचे कार्यकर्ते जास्त होते. मिरजेचा, तुम्ही केली का?

मिरजेचा

अर्ज भरलाय. कुलसचिव प्रभारी असल्याने यादी लांबली म्हणतात.